तोबाला, तेपेस्ताते, हाबाली: रानटी अगावेचं मेस्काल कसं घडतं आणि कुठे बिघडतं

मेस्काल म्हणजे मेक्सिकोत अगावेच्या, म्हणजे आपल्या घायपाताच्या कुळातल्या झाडांच्या, भाजलेल्या गड्ड्यापासून गाळलेली दारू. एस्पादीन, तोबाला, तेपेस्ताते ही त्या झाडांची नावं. प्रश्न असा आहे: एस्पादीनच्या मेस्कालपेक्षा तोबाला किंवा तेपेस्तातेची बाटली दुप्पट-तिप्पट महाग का असते? चव खरंच जातीमुळे बदलते, की नुसतं नाव विकलं जातं? आणि आपल्याकडे बांधावर वाढणाऱ्या घायपातापासून असं काही करता येईल का?

थोडक्यात सांगायचं तर चव जातीमुळे बदलते, पण जातीइतकीच ती झाड किती पिकल्यावर तोडलं यावर ठरते. लेबलवर तोबाला लिहिलं म्हणजे काम झालं असं समजू नये. कच्च्या तोबालापेक्षा नीट पिकलेल्या एस्पादीनचं मेस्काल कितीतरी सरस असतं. किमतीचं कारण मात्र सरळ आहे. झाड एकदाच तोडता येतं, ते तयार व्हायला 10 ते 25 वर्षं लागतात आणि त्यातून दारू थोडीच निघते.

आधी जातींची ओळख करून घेऊ, कारण नावांचा गोंधळ इथूनच सुरू होतो. मेक्सिकोच्या वाहाका राज्यात बहुतेक मेस्काल एस्पादीनचं, म्हणजे अगावे अंगुस्तिफोलियाचं असतं. ते शेतात लावतात, त्याला बाजूने पिल्लं फुटतात आणि 6 ते 8 वर्षांत ते तोडणीला येतं. तोबाला म्हणजे अगावे पोटॅटोरम. हे बुटकं, रुंद पानांचं झाड ओकच्या सावलीत, डोंगरउतारावर वाढतं. पानं काढल्यावर उरणारा गड्डा (तिकडे त्याला पिन्या म्हणतात) जेमतेम काही किलोंचा असतो, तर एस्पादीनचा सहज 40 ते 80 किलो भरतो. तेपेस्ताते म्हणजे अगावे मार्मोराटा. ते खडकाच्या कपारीत वाढतं आणि पिकायला 20-25 वर्षं घेतं. त्याच्या दारूला हिरव्या मिरचीसारखा, चुरगळलेल्या पानासारखा तीव्र वास असतो. आरोकेन्यो ही अगावे अमेरिकानाची वाहाकातली जात, गड्ड्याने प्रचंड. कुइशे, माद्रेकुइशे, बार्रिल, तोबासिचे ही सगळी एकाच अगावे कार्विन्स्कीची रूपं. त्यांना खोड असतं, गड्डा लांबट, तंतुमय आणि कमी रसाचा असतो, म्हणून त्यांची दारू कोरडी आणि मातकट-हिरवट लागते. हाबाली म्हणजे अगावे कॉन्व्हालिस. सगळ्यात त्रासदायक हेच, आणि त्याचं कारण पुढे येईल.

गावठी नावावर विसंबू नये. तोबाला म्हणून अगावे सीमानियानाही विकलं जातं, आणि एकाच कार्विन्स्कीला दर दोन खोऱ्यांआड वेगळं नाव असतं. बाटलीवर शास्त्रीय नाव असेल तरच आपण काय पितो आहोत ते कळतं.

आता तोडणी. अगावेला आयुष्यात एकदाच फुलोरा येतो आणि मग झाड मरतं. इतकी वर्षं साठवलेली सगळी साखर ते त्या एका दांड्यात ओततं. म्हणून दांडा (किओते) बाहेर डोकावला की तो कापतात आणि झाड तसंच उभं ठेवतात. अशा झाडाला कापोन, म्हणजे खच्ची केलेलं, म्हणतात. सहा महिने, कधी वर्ष आणि त्याहूनही जास्त काळ ते तसंच राहतं. पानं आखडतात, पिवळी-लालसर पडतात, गड्डा फुगतो आणि साखर दाट होते. ही वाट पाहणं हाच दर्जाचा सगळ्यात मोठा भाग आहे, आणि भाव चढले की सगळ्यात आधी हाच भाग टाळला जातो. कच्च्या गड्ड्यात साखर कमी, तुरटपणा जास्त. त्याची दारू तिखट, पोकळ आणि लवकर संपणारी असते. हा दोष पुढे कुठल्याही भट्टीत निघत नाही.

पण प्रत्येक दांडा कापला तर बी येणार कुठून? एस्पादीनला पिल्लं असतात, त्यामुळे तिथे भागतं. तोबालाला बहुधा पिल्लं फुटत नाहीत, त्याची वाढ बियांवरच अवलंबून असते, आणि तेपेस्तातेचंही जवळपास तसंच. फुलांचं परागीकरण मुख्यतः मध खाणारी वटवाघळं करतात, आणि दांडेच नसले तर त्यांनाही खायला राहत नाही. म्हणून चांगले मेस्कालेरो, म्हणजे मेस्काल करणारे कारागीर, दर तोडणीत काही झाडं फुलायला सोडतात, बी गोळा करून गादीवाफ्यावर रोपं करतात आणि वर्ष-दोन वर्षांनी पावसाच्या तोंडावर ती डोंगरावर लावतात. अनेक गावांत जमीन सामाईक असल्याने रानातली तोड गावसभेच्या परवानगीनेच होते. आज बाजारातलं बरंचसं तोबाला लागवडीचं आहे. त्यात कमीपणा काही नाही, उलट मला ते हवंच आहे. मात्र मोकळ्या शेतात ते लवकर आणि मोठं वाढतं, आणि चव थोडी सौम्य होते. लेबलवर सिल्वेस्त्रे म्हणजे रानटी, कुल्तिवादो म्हणजे लावलेलं. दोन्ही प्रामाणिकपणे लिहिलेलं असावं एवढंच.

तोडताना पानं गड्ड्याच्या अगदी पांढऱ्या भागापर्यंत छाटावीत. हिरवे बुंधे राहिले की भट्टीत कडवटपणा उतरतो. हातमोजे आणि लांब बाह्या लागतातच. रसात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, सुरणासारखी खाज सुटते आणि फोडही येतात.

भट्टी म्हणजे जमिनीत खणलेला शंकूसारखा खड्डा, सुमारे 3 मीटर रुंद आणि 2 मीटरच्या आसपास खोल. तळाला ओकची किंवा मेस्कितेची लाकडं, त्यावर न तडकणारे दगड. दगड लाल होऊन पांढुरके दिसू लागेपर्यंत आणि लाकडाचा धूर पूर्ण थांबेपर्यंत थांबायचं. अर्धवट जळलेलं लाकूड आत राहिलं तर गड्डे धुरात भाजतात आणि दारूला राखेचा, डांबरी वास येतो. पुष्कळ लोक त्यालाच मेस्कालची खूण समजतात. माझ्या मते तो दोष आहे. धूर मागे असावा, पुढे नाही. दगडांवर अगावेच्या ओल्या चोथ्याचा थर देतात, म्हणजे गड्डे थेट चिकटून जळत नाहीत. मग मोठे तुकडे मध्ये, लहान कडेला आणि वर. त्यावर चटया किंवा ताडपत्रं आणि शेवटी माती. 3 ते 5 दिवस कुठूनही वाफ सुटली की तिथे माती लिंपायची. हवा आत गेली तर एक बाजू कोळसा होते आणि दुसरी कच्ची राहते.

या शिजवण्यामागचं कारण असं की अगावेत साखर सुटी नसते, ती फ्रुक्टन नावाच्या लांब साखळ्यांत बांधलेली असते. यीस्टला त्या फारशा पचत नाहीत. उष्णता आणि आम्लता मिळून त्या तोडतात आणि फ्रुक्टोज मोकळं करतात. गड्डा कापल्यावर मधला भाग पांढरा आणि कडक दिसला तर तेवढी साखर वाया गेली असं समजा. आतपर्यंत काकवीच्या रंगाचा, रसाने डबडबलेला आणि धागे सहज सुटणारा हवा. काळा पडलेला भाग निर्दयपणे छाटून टाकावा.

दुर्मीळ जातीच्या छोट्या घाण्याची, म्हणजे एका खेपेला केलेल्या मालाची, खरी अडचण इथे येते. भट्टी 5-10 टनांची, आणि हाती लागलेलं तोबाला जेमतेम 1 टन. अर्धी रिकामी भट्टी नीट तापत नाही. मग एकतर छोटी भट्टी खणायची, किंवा एस्पादीनच्या भट्टीतच एका बाजूला खुणा करून तोबाला ठेवायचं. दुसरी पद्धत सर्रास चालते आणि ती चांगलीच आहे, फक्त काढताना सरमिसळ होऊ देऊ नये. मुद्दाम दोन-तीन जाती एकत्र करून केलेल्या मिश्रणाला एन्साम्ब्ले म्हणतात. वाहाकात ही जुनी रीत आहे: डोंगरावर जे पिकलं असेल ते एकत्र शिजवायचं. एकाच जातीची बाटली भारी आणि मिश्रण हलकं, हा समज चुकीचा आहे.

शिजलेले गड्डे दोन-चार दिवस सावलीत ठेवतात, मग ठेचतात. लाकडी डोणीत मोगऱ्यांनी हाताने ठेचणं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात कष्टाचं. नाहीतर खेचराने ओढायचं गोल दगडी चाक, म्हणजे ताओना. आपल्याकडच्या चुन्याच्या घाणीचं दगडी चाक डोळ्यांपुढे आणा, तसंच.

आंबवणं पाइनच्या उघड्या पिंपांत, चोथ्यासकट होतं. पहिला दिवस-दोन दिवस पाणी न घालता नुसता ठेचा ठेवतात. तो आपसूक गरम होऊ लागला, वास गोड-आंबूस झाला की कोमट पाणी घालायचं. पाणी विहिरीचं किंवा झऱ्याचं हवं, क्लोरीनचं चालत नाही, कारण यीस्ट बाहेरून घातलेलं नसतं. हवेतलं, लाकडातलं, चोथ्यातलं तेच काम करतं. चोथा वर येऊन टोपीसारखा जमतो. तो रोज दाबून खाली घालावा लागतो, नाहीतर वरचा कोरडा थर व्हिनेगरच्या जिवाणूंना आयता मिळतो. उन्हाळ्यात 5-6 दिवसांत संपतं, थंडीत दोन आठवडेही जातात.

गाळायला कधी घ्यायचं हे कानाने आणि जिभेने ठरतं. चुरचुर थांबली, गोडी गेली, किंचित कडवट-आंबट चव आली की त्याच दिवशी भांडं चढवायचं. लवकर घेतलं तर उरलेली साखर भांड्याच्या तळाला करपते, आणि तो करपट वास शेवटपर्यंत राहतो. दोन दिवस उशीर झाला तर नेलपॉलिशसारखा वास येतो. तो इथाइल ॲसिटेटचा. छोट्या घाण्यात आणखी एक धोका असतो. 200-300 लिटरचं पिंप 1,000 लिटरच्या पिंपापेक्षा फार लवकर थंड पडतं आणि आंबवणं मध्येच अडकतं. त्याला चटया-गोणपाट गुंडाळावं, किंवा ते मोठ्या चालू पिंपाला लागून ठेवावं.

हाबालीची पंचाईत इथेच सुरू होते. त्यात सॅपोनिन भरपूर, म्हणजे रिठ्याला फेस आणणारा घटक. पिंप फेसाने ओसंडतं, आणि गाळताना तोच फेस वाफेच्या नळीत शिरून कच्चा रस धारेत मिसळतो. उपाय एवढाच की पिंप अर्धंच भरायचं, भांडं निम्म्याच्या खाली ठेवायचं आणि जाळ अगदी मंद. तरीही बरेचजण ते तीनदा गाळतात. हाबाली महाग असण्यामागे झाडापेक्षा हा खटाटोप जास्त आहे.

गाळायची भांडी दोन प्रकारची. तांब्याचं भांडं साधारण 250-300 लिटरचं, त्याला टोपी आणि पाण्यातून जाणारी गुंडाळी. दुसरी पद्धत मातीच्या भांड्यांची, त्यासाठी सांता कातारिना मिनास आणि सोला दे वेगा ही वाहाकातली गावं प्रसिद्ध आहेत. खालच्या मडक्यावर बिनबुडाचं मडकं, त्याच्या तोंडावर थंड पाण्याची धातूची थाळी. वाफ थाळीच्या तळाला लागून थेंबथेंब आत लावलेल्या लाकडी पळीवर किंवा अगावेच्या पानावर पडते आणि बोरूच्या नळीतून बाहेर येते. विदर्भात मोहाची दारू गाळताना मडक्यावर मडकं ठेवलेलं ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हे लगेच समजेल. मातीचं भांडं 60-80 लिटरचंच, दर तासाला लक्ष मागणारं, आणि जाळ एकदम वाढवला की तडकणारं. पण त्याची दारू अंगाने भरीव, ओल्या मातीचा हलका वास असलेली निघते. थाळीतलं पाणी कोमट होऊ दिलं तर वाफ तशीच निसटते, म्हणून ते सतत बदलावं लागतं.

पहिल्या गाळणीत चोथाही भांड्यात जातो. निघते ती कमी तीव्रतेची, गढूळ धार, ओर्दिनारियो. दुसऱ्या गाळणीत खरी निवड होते. आधी पुन्तास, म्हणजे 60-70 टक्क्यांची धार, मग मधला गाभा, आणि शेवटी कोलास, म्हणजे 30 टक्क्यांखालची शेपटी. आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’ हा कौतुकाचा शब्द आहे. तिकडेही पुन्तास वासाने सगळ्यात भरलेल्या असतात, पण अगदी सुरुवातीचा थोडा भाग बाजूला काढतातच, कारण त्यात ॲसिटेट आणि आल्डिहाइड जास्त असतात. मिथेनॉलबद्दल मात्र एक गैरसमज पक्का आहे: पहिली धार फेकली की मिथेनॉल गेलं. तसं होत नाही. ते पेक्टिनपासून तयार होतं आणि पाणी-अल्कोहोलच्या मिश्रणात गाळणीच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत थोडंथोडं येत राहतं. म्हणून मेक्सिकोच्या मानकात त्याची मर्यादा निर्जल अल्कोहोलच्या 100 मिलीमागे 300 मिलिग्रॅम ठेवलेली आहे आणि घाण्याची तपासणी प्रयोगशाळेत होते.

तीव्रता जुळवताना जुने लोक पाणी घालत नाहीत. गाभ्यात थोड्या पुन्तास आणि थोड्या कोलास मिसळून 45 ते 52 टक्क्यांवर आणतात. मोजमाप बोरूच्या नळीने होतं: तोंडाने दारू ओढायची आणि भोपळ्याच्या वाटीत उंचावरून सोडायची. 50 टक्क्यांच्या आसपास असेल तर वर मोत्यांसारखे बुडबुडे येऊन बराच वेळ टिकतात. फार तीव्र किंवा फार पातळ असेल तर लगेच फुटतात. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भौतिकशास्त्रीय अभ्यासात हेच मोजून दिसलं. बुडबुड्यांचं आयुष्य सुमारे 50 टक्क्यांना सर्वाधिक असतं आणि दारूतले नैसर्गिक पृष्ठक्रियाशील (साबणासारखे) घटक त्याला मदत करतात. त्यामुळेच नुसत्या मोत्यांवर भरवसा ठेवू नये, फेसाळणारा पदार्थ घालून ते आणता येतात.

आता किमतीचा हिशोब. चांगल्या एस्पादीनला लिटरमागे साधारण 10 किलो गड्डा लागतो. तोबालाला 15-20 किलो, कधी जास्तच. म्हणजे 1 टन तोबालापासून धरा 50 लिटर, 750 मिलीच्या साठ-पासष्ट बाटल्या. तेवढ्यासाठी डोंगरावरून गाढवावर आणलेले शेकडो गड्डे, पाच दिवसांची भट्टी आणि महिन्याभराची मजुरी. दुप्पट-तिप्पट भाव त्यातूनच येतो.

बाटली घेताना काय पाहावं? 2017 मध्ये लागू झालेल्या मानकाने तीन वर्ग केले आहेत: नुसतं मेस्काल, आर्तेसानाल (कारागिरीचं) आणि अन्सेस्त्राल (पूर्वापार पद्धतीचं). शेवटच्या वर्गात खड्ड्याची भट्टी, हाताने किंवा दगडाने ठेचणं आणि मातीच्या भांड्यात थेट जाळावर गाळणं बंधनकारक आहे. पहिल्या वर्गात ऑटोक्लेव्ह (कुकरसारखी दाबाची टाकी) आणि गाळण्याचे कारखानी स्तंभही चालतात. त्यानंतर झाडाचं शास्त्रीय नाव, गाव, करणाऱ्याचं नाव, घाणा क्रमांक आणि त्या घाण्याचे एकूण लिटर. रानटी तोबालाचा घाणा हजारो लिटरचा असेल किंवा दरवर्षी चव अगदी तशीच लागत असेल, तर शंका घ्यावी. 38-40 टक्क्यांचं दुर्मीळ मेस्काल मी तरी घेणार नाही, पाणी घालून जातीचा गुण मारलेला असतो. बाटलीतली अळी ही जाहिरातीची चाल आहे, दर्जाची खूण नाही. ओकच्या पिंपात ठेवलेलं तेपेस्तातेही टाळावं. 20 वर्षांत झाडाने कमावलेला वास लाकडाखाली झाकायचा कशाला? काचेत वर्षभर मुरवलेलं मात्र जरूर घ्यावं, टोकं गोल झालेली असतात. आणि ‘देस्तिलादो दे अगावे’ (अगावेची गाळलेली दारू) एवढंच लिहिलेलं असलं म्हणजे माल हलका असं नाही. प्रमाणपत्राचा खर्च न परवडणारे किंवा मेस्काल हे नाव वापरता येणाऱ्या प्रदेशाच्या हद्दीबाहेरचे उत्तम कारागीर तेच लिहितात.

चाखताना बर्फ नको. दोन थेंब तळहातावर चोळा, अल्कोहोल उडू द्या, मग हुंगा. भाजलेल्या रताळ्यासारखा, काकवीसारखा वास उरायला हवा. काहीच उरलं नाही, किंवा नुसता धूर उरला, तर पैसे फुकट गेले.

राहिला घायपाताचा प्रश्न. आपलं घायपातही मूळचं मेक्सिकोकडचंच. दख्खनच्या पठारावर वाढलेल्या अगावेपासून भारतात दारू झालेलीही आहे: डेस्मंडजी या नावाने ती 2011 पासून बाजारात आली. तेव्हा अशक्य काहीच नाही. पण दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. दोरासाठी लावलेलं घायपात बहुतेक सिसाल, म्हणजे अगावे सिसालाना असतं. ते धाग्यासाठी निवडलेलं, आणि त्याची पानं वर्षानुवर्षं कापली गेल्याने गड्ड्यात साखर साठायला वाव राहत नाही. निळसर, जाड, रुंद पानांचं अगावे अमेरिकाना जास्त योग्य. तेही दांडा डोकावल्यावर कापून सहा महिने उभं ठेवलेलं हवं. त्याला मेस्काल किंवा टेकिला म्हणता येणार नाही, ती नावं मेक्सिकोची आहेत. आणि परवान्याशिवाय घरी दारू गाळणं महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 खाली गुन्हा आहे. ज्यांना खरोखर पुढे जायचं आहे त्यांनी आधी परवाना असलेल्या काजू फेणीच्या भट्टीवर एक हंगाम काढावा. आंबवण कधी घ्यायचं, मंद जाळ कसा ठेवायचा, धार कुठे तोडायची हे तिथे शिकायला मिळतं, आणि घायपाताची झाडं तोवर बांधावर पिकत राहतील.